अतिशीत अणूंचा समतोल मोडल्यावर: लॅपटॉपवर करायचा एक प्रकल्प

नांदेड, परभणी किंवा लातूरच्या महाविद्यालयात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्याला रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याजवळ नेणारी प्रयोगशाळा मिळणे कठीण. पण अशा वायूचा समतोल एकाएकी मोडला तर तो पुन्हा कसा स्थिरावतो, हे साध्या लॅपटॉपवर, पायथनमध्ये, नीट तपासता येते. २०१२ साली म्युनिकच्या संशोधकांनी लेसरच्या जाळीत एकाआड एक घर भरले आणि अणूंना मोकळे सोडले. तोच प्रयोग लहान आकारात मांडावा.

आठ घरांचे वर्तुळ घेऊन १, ३, ५ आणि ७ या घरांत एकेक अणू ठेवावा. चार अणू आठ घरांत वाटण्याचे ३३० प्रकार होतात. त्यांची यादी करून ३३० बाय ३३० चे मॅट्रिक्स रचावे. कर्णावर प्रत्येक घराचे प्रतिकर्षण यू × न(न−१)/२ मिळवून लिहावे, येथे न म्हणजे त्या घरातले अणू आणि यू म्हणजे एकाच घरातल्या दोन अणूंमधील प्रतिकर्षणाची ताकद. शेजारी उडी मारता येणाऱ्या दोन प्रकारांमध्ये −जे गुणिले वर्गमूळ येते (जे म्हणजे शेजारच्या घरात उडी मारण्याची ताकद), आणि वर्गमुळाच्या आत सोडलेल्या घरातील उडीपूर्वीची व गाठलेल्या घरातील उडीनंतरची अणुसंख्या यांचा गुणाकार असतो. हे वर्गमूळ सुटले तर आलेख दिसायला ठीक येतो आणि तरीही चुकीचा असतो, म्हणून ते दोनदा तपासावे.

जे आणि २π ने भागलेला प्लांकचा स्थिरांक, दोन्ही १ धरावेत. मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये व सदिश एकदाच काढले की कोणत्याही क्षणाची अवस्था लगेच मिळते. मग सम घरांत किती अणू पोहोचले ते मोजून त्याला चारने भागावे.

पहिली धाव यू = ० ठेवूनच घ्यावी, कारण तिचे उत्तर आधीच ठाऊक आहे: सुमारे ०.६ या वेळेला निम्मे अणू सम घरांत असतात आणि ०.९६ च्या आसपास हा वाटा ०.७० पर्यंत चढतो. यू कितीही असला तरी सरासरी ऊर्जा शून्यच राहिली पाहिजे. वेळ सुमारे १.३ च्या पुढे मात्र वर्तुळाचा लहानपणा आलेखात उतरतो. तेथील चढउतारांवर निष्कर्ष काढू नयेत.

त्यानंतर यू = ४ आणि यू = ४० घ्यावे. ४ ला हेलकावे लवकर विरतात, तर ४० ला आलेख पुन्हा यू = ० च्या जवळ येतो, कारण एकाच घरात दोघांना शिरता न येणारे अणू या मोजमापापुरते परस्परक्रिया नसलेल्या फर्मिऑनांसारखे (एकाच अवस्थेत दोन राहू न शकणाऱ्या कणांसारखे) वागतात. माझ्या मते प्रकल्पाचा खरा गाभा हाच आहे आणि अहवालाची बहुतेक पाने त्यालाच द्यावीत.