पायथनसाठी सी भाषेत एक्स्टेन्शन मॉड्यूल लिहिताना

कोड नेमका कुठे रेंगाळतो हे सीप्रोफाइल या पायथनच्या वेळ मोजणाऱ्या मॉड्यूलने मोजून पाहिल्यानंतरच सी भाषेत एक्स्टेन्शन मॉड्यूल, म्हणजे पायथनमध्ये इम्पोर्ट करता येणारा सी कोड, लिहायला घ्यावे. तयार लायब्ररीतली दोन-चार फंक्शने वापरायची असतील, तर पायथनमधूनच सी लायब्ररीतली फंक्शने चालवणारे सीटाइप्स मॉड्यूल पुरेसे असते आणि पुढचा खटाटोप वाचतो.

डेबियन किंवा उबुंटूवर आधी पायथन३-डेव्ह हे पॅकेज बसवावे, म्हणजे पायथन.एच ही हेडर फाइल मिळते. ती सी भाषेच्या प्रमाणित हेडर फाइलींच्या आधीच जोडावी लागते.

समजा, आपल्याला यादीतील आकड्यांच्या वर्गांची बेरीज करणारे फंक्शन हवे आहे. सी फंक्शन पायऑब्जेक्टचा, म्हणजे पायथनच्या ऑब्जेक्टच्या सीमधील रूपाचा, पॉइंटर परत करते, आणि चूक झाल्यास आधी अपवाद नोंदवून मग नल परत करते. अपवाद न नोंदवता नल परत केल्यास पायथन सिस्टिमएरर देतो. फंक्शनचे नाव पायमेथडडेफच्या, म्हणजे मॉड्यूलमधील फंक्शनांच्या, तक्त्यात घालावे आणि त्या तक्त्याची शेवटची ओळ रिकामी ठेवावी, कारण तक्ता कुठे संपला हे पायथनला तिच्यावरूनच कळते. मॉड्यूल सुरू करणाऱ्या फंक्शनचे नाव 'पायइनिट_' या उपसर्गापुढे मॉड्यूलचे नाव जोडून तयार होते. त्यात एका अक्षराचा फरक पडला तरी इम्पोर्ट फसते.

खरी कसोटी संदर्भांच्या हिशेबात लागते. प्रत्येक ऑब्जेक्टजवळ त्याला किती जण धरून आहेत याचा आकडा असतो आणि तो शून्य झाला की ऑब्जेक्ट नष्ट होते. यादीतला घटक देणारे पायलिस्ट_गेटआयटम उसना, म्हणजे हा आकडा न वाढवता दिलेला, संदर्भ देते, म्हणून तो आपण सोडायचा नसतो. पायसिक्वेन्स_गेटआयटम मात्र मालकीचा, म्हणजे आकडा वाढवून दिलेला, संदर्भ देते, आणि तो आकडा एकने कमी करणाऱ्या पाय_डेकरेफने सोडलाच पाहिजे, चूक होऊन मध्येच परत फिरतानासुद्धा. यादीत घटक ठेवणारे पायलिस्ट_सेटआयटम याच्या उलट वागते आणि आपल्या हातातला संदर्भ स्वतःकडे घेऊन टाकते. उसनवारीत एक छुपा धोका आहे: घटकाचा आकडा काढण्यासाठी पायफ्लोट_अ‍ॅजडबल वापरले की त्या घटकाची स्वतःची फ्लोट पद्धत चालू शकते, आणि तिने यादीच रिकामी केली तर आपल्या हातातला पॉइंटर मेलेल्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवत राहतो. म्हणून अशा वेळी आकडा एकने वाढवणाऱ्या पाय_इन्करेफने घटक स्वतःकडे धरून ठेवावा, काम झाल्यावर सोडावा आणि यादीची लांबी प्रत्येक फेरीत नव्याने विचारावी. पायफ्लोट_अ‍ॅजडबल चूक झाल्यास उणे १ परत करते, पण यादीत खरोखरच उणे १ असू शकतो. तेव्हा अपवाद नोंदला गेला आहे का हे सांगणाऱ्या पायएरर_ऑकर्डला विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

लूप चालू असताना इतर थ्रेडना वाव द्यावा म्हणून जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे कुलूप, सोडण्याचा मोह होतो, परंतु पायथनच्या ऑब्जेक्टना हात लावायचा असेल तोवर ते चालत नाही. आकडे आधी सीच्या अ‍ॅरेमध्ये उतरवून घेतले, तरच ते शक्य होते.

सी कोडपासून मॉड्यूलची फाइल बांधण्यासाठी सेटअपटूल्स हे पॅकेज वापरावे. याच कामाचे जुने डिस्टयुटिल्स पायथनच्या ३.१२ या आवृत्तीत काढून टाकले आहे. लिनक्सवर डॉट एसओ आणि विंडोजवर डॉट पीवायडी फाइल तयार होते. ती सहसा त्याच पायथन आवृत्तीशी बांधलेली असते. अनेक आवृत्त्यांवर एकच फाइल चालवायची असल्यास मर्यादित एपीआयपुरतेच, म्हणजे आवृत्ती बदलली तरी टिकणाऱ्या फंक्शनांपुरतेच, लिहावे. शेवटी फंक्शन लाखभर वेळा चालवून प्रक्रियेची मेमरी पाहावी, आणि त्यात मुद्दाम आकड्यांऐवजी मजकूर असलेल्या याद्याही द्याव्यात, कारण सुटून गेलेला डेकरेफ बहुधा चूक झाल्यावर कोड ज्या वाटेने परत फिरतो तिथेच सापडतो.