साइडमाउंट कोर्सशिवाय शिकताय? या चुका टाळा

स्कूबा डायव्हिंगचं ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीचं, कार्ड हातात आलं, मालवण-अंदमानला थोड्याफार डाइव्ह झाल्या, की काहींना साइडमाउंटची, म्हणजे हवेच्या टाक्या पाठीवर न घेता अंगाच्या दोन्ही बाजूंना लावून डाइव्ह करण्याची, ओढ लागते. मग टाक्या अडकवायचा पट्ट्यांचा हार्नेस मागवायचा, चार व्हिडिओ बघायचे आणि विचारायचं, ‘वेगळा कोर्स खरंच लागतो का?’

लागतो. साइडमाउंटमधल्या बहुतेक चुका करणाऱ्याला स्वतःला दिसतच नाहीत. टाकीचं बूड वर आलंय का, होज, म्हणजे हवेची नळी, कशाखाली दबलाय का, हे बघायला दुसरी नजर लागते. शिवाय डाइव्ह नीट पार पडली की चूक तशीच अंगवळणी पडते आणि नेमकी अडचणीच्या वेळी उघडी पडते.

एकाच टाकीतून हवा ओढत राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाठीवरच्या जोडटाक्या मॅनिफोल्डने एकमेकींना जोडलेल्या असतात. साइडमाउंटच्या दोन टाक्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. दोन रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन), दोन गेज (हवेचा दाब दाखवणारे), दोन वेगळे साठे. नवशिका एक रेग्युलेटर तोंडात धरतो आणि टाकी संपत आली की बदलू म्हणतो.

आता हिशोब बघा. खोली ३० मीटर, टाक्या ११.१ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या. डावी ४० बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) आलीय, उजवी जवळजवळ भरलेली. तो उजवीवर जातो आणि तिचा रेग्युलेटर फ्री-फ्लो होतो, म्हणजे त्यातून हवा न थांबता सुटत राहते. बुडबुड्यांचा लोट, काही दिसत नाही. व्हॉल्व्ह बंद करावा लागतो आणि सगळा राखीव साठा त्याच्यामागे अडकतो. डावीत उरलेत जेमतेम ४४४ लिटर. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला ३५ लिटर ओढतो असं धरलं, तर ३० मीटरवर, दाब चौपट असल्याने, १४० लिटर होतात. सावरण्यात एक मिनिट गेलं की १४० गेले. मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला साधारण २९० लिटर लागतात. बेरीज ४३०. सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना वाटेत थांबायला, हवा नाही, बडीला, म्हणजे जोडीच्या डायव्हरला, द्यायला तर नाहीच.

बंद केलेला व्हॉल्व्ह श्वासापुरता उघडून पुन्हा बंद करत त्याच टाकीतून हवा घेता येते, त्याला फेदरिंग म्हणतात. पण हे व्हिडिओ बघून येत नाही. उथळ पाण्यात, समोर इन्स्ट्रक्टर असताना हाताला वळण लावावं लागतं.

माझी बदलायची पद्धत ठरलेली आहे. २०० बारला सुरुवात उजवीवर, म्हणजे लांब होजवर. ती १७० ला आली की डावी. डावी १४० ला आली की उजवी, ती ११० पर्यंत. मग डावी ८० पर्यंत आणि शेवटी उजवी ५० पर्यंत. दोन टाक्यांमधला फरक कधीच ३० बारच्या पुढे जात नाही. मिनिटाला २० लिटर ओढणाऱ्याला १८ मीटरवर मिनिटाला साधारण ५ बार लागतात, म्हणजे पहिला बदल सहा मिनिटांनी आणि पुढचे बारा-बारा मिनिटांनी. एवढं लक्षात ठेवायचा कंटाळा येत असेल, तर पाठीवर एक टाकी घेऊन डाइव्ह करा. त्यात काहीही कमीपणा नाही.

लांब होज दाबून टाकणं

उजव्या टाकीचा सुमारे दोन मीटरचा होज बडीला हवा देण्यासाठी असतो. डाव्या टाकीचा छोटा होज बंजीने, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या दोरीने, गळ्यात अडकवलेला असतो. क्रम एकच: गळ्यातला रेग्युलेटर आधी, लांब होज सगळ्यात शेवटी आणि सगळ्यांच्या वरून. घाईत लांब होज आधी घेतला आणि गळ्यातली बंजी वरून टाकली, की तो मानेपाशी अडकतो. डाइव्हभर काहीच जाणवत नाही. हवा संपलेला बडी रेग्युलेटर ओढतो तेव्हा तो हातभरच येतो आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात. म्हणून पाण्यात उतरल्यावर, खाली जाण्याआधी, होज पूर्ण लांब करून बडीच्या हातात द्यायचा आणि परत आवरायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, तरी लोक ते टाळतात, याचा मला खरोखर राग येतो.

उजवा रेग्युलेटर वापरात नसताना खांद्याच्या डी-रिंगला, म्हणजे हार्नेसवरच्या कडीला, लावतात. ती जोडणी जोरात ओढली की तुटेल अशीच हवी.

टाक्या लोंबणं

टाकीचं वरचं टोक धरणारी बंजी सैल असली की व्हॉल्व्ह काखेतून खाली सुटतो. टाकी फार पुढे आली तर बुडाकडचा पट्टा व्हॉल्व्हच्या दिशेने सरकवा, फार मागे गेली तर बुडाच्या दिशेने. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच, आणि दर वेळी पाण्यात बघून. अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होताना तिचं बूड तरंगायला लागतं. अर्ध्याच्या आसपास आली की खालचा बोल्ट स्नॅप, म्हणजे अडकवायचा हूक, हार्नेसच्या मागच्या पट्टीवरून काढून कमरेच्या पुढच्या डी-रिंगला लावायचा. स्टीलच्या टाकीला हे लागत नाही, तिची बांधणीच वेगळी. त्यामुळे दुसऱ्याची सेटिंग जशीच्या तशी उचलू नका.

बाकीच्या थोडक्यात. सोबत घ्यायचं शिशाचं वजन भरलेल्या टाक्यांवर ठरवू नका. एका टाकीतली हवाच पावणेतीन किलोच्या आसपास असते, म्हणून दोन्हींत ५० बार असताना ५ मीटरवर स्थिर राहता येतं का ते बघा. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे आहेत का, हे प्रत्येक रेग्युलेटरमधून श्वास घेत गेजचा काटा बघून तपासा. तरंगण्याच्या पिशवीत हवा भरणारा इन्फ्लेटर ज्या टाकीवर आहे ती बंद पडली तर तोंडाने हवा भरायचा सराव ठेवा. साध्या बीसीडीला, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटला, कड्या शिवून साइडमाउंट करू नका.

पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या साइडमाउंट कोर्सला किमान वय १५ आणि ओपन वॉटर कार्ड लागतं. एक सत्र बंदिस्त पाण्यात, तीन डाइव्ह खुल्या पाण्यात. टीडीआय, एसएसआय या संस्थांचेही कोर्स आहेत. संस्थेपेक्षा इन्स्ट्रक्टर पारखा. तो स्वतः एरवीही साइडमाउंटमध्येच डाइव्ह करतो का? पाण्याआधी हार्नेस अंगावर बसवायला दोन-तीन तास देतो का? पाण्यातला व्हिडिओ काढून दाखवतो का? तिन्हींना ‘हो’ नसेल तर दुसरा शोधा, मग फी कितीही कमी असो.

आणि साइडमाउंटचं कार्ड म्हणजे गुहेचा परवाना नाही. ही पद्धत इंग्लंडच्या पाण्याने भरलेल्या गुहांतून आणि पुढे फ्लोरिडा-मेक्सिकोतून आली, म्हणून अनेकांचा गैरसमज होतो. मेक्सिकोत तुलुमजवळच्या सेनोतेमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या विवरांमध्ये, उजेड संपतो तिथे धोक्याची पाटी असते. केव्ह डायव्हिंगचं वेगळं प्रशिक्षण नसेल तर बाजूला कितीही टाक्या असल्या तरी तिथून मागे फिरायचं.