जुनी पेटंटं आणि अणुसंशोधनाचे अहवाल धुंडाळताय? या चुका टाळा

संशोधक शंकर आबाजी भिसे यांच्या छपाईच्या यंत्रांवर काहीतरी लिहावं म्हणून मी एकदा एका वाचनालयात दोन दिवस ठाण मांडून बसलो होतो. एका जुन्या मासिकात ब्रिटिश पेटंटचा क्रमांक सापडला. खुशीत तो वहीत टिपला, घरी आलो, संगणकावर टाकला, तर समोर सायकलचं सीट. पुन्हा शोधलं, तर कसलीशी शेगडी. क्रमांक बरोबर होता, पण मी वर्ष टिपलं नव्हतं.

ब्रिटनमध्ये १९१५ पर्यंत पेटंटचे क्रमांक दर जानेवारीत एकपासून सुरू होत. वर्षाला वीस-तीस हजार अर्ज यायचे, त्यामुळे एकाच पाच आकडी क्रमांकाची डझनभर भावंडं असतात आणि वर्षावाचून त्यातलं आपलं कोणतं ते कळायला मार्ग नाही. १९१६ पासून १,००,००१ हा क्रमांक धरून सलग मोजणी सुरू झाली. सहा आकडी ब्रिटिश क्रमांकाला वर्ष नसलं तरी चालतं, पाच आकडीला चालत नाही. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पासनेट या संकेतस्थळावर शोधताना आधी 'जीबी', मग वर्षाचे चार आकडे, मग पाच आकडी क्रमांक असं सलग टाकायचं. क्रमांक लहान असेल तर आधी शून्यं भरून पाच आकडे करायचे. शून्य विसरलात की 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं आणि माणूस समजतो की पेटंटच नाही.

नावावरून शोधणाऱ्यांचं दुखणं वेगळं. भिसे मुंबईचे, जन्म १८६७ चा. लंडनला गेले, तिथे दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिलं, पुढे सर रतन टाटांचा (जमशेटजींचे चिरंजीव) पैसा मिळाला, आणि शेवटी न्यूयॉर्कला स्थायिक होऊन १९३५ मध्ये तिथेच वारले. इंग्रजी कागदोपत्री त्यांचं आडनाव आपण लिहू तसं नाही. शेवटी 'ई-वाय' अशी दोन अक्षरं लागतात, आणि 'शंकर'ही 'ई-आर'ने संपतो. आपल्या सवयीच्या स्पेलिंगने शोधलंत तर हाती काही लागायचं नाही. त्यात जुन्या पेटंटांचा मजकूर यंत्राने चित्रावरून वाचलेला असतो. आडव्यातिडव्या छपाईतलं 'एच' त्याला 'बी' दिसतं, 'वाय'चा 'व्ही' होतो. नाव हरलं की वर्गीकरणाकडे वळा. छपाईचे खिळे (टाइप) ओतणारी आणि जुळवणारी यंत्रं 'बी४१बी' या वर्गात मोडतात. जुन्या पेटंटांनाही हे वर्ग नंतर लावलेले आहेत. वर्ग आणि वर्षांची मर्यादा घालून यादी काढायची आणि आकृत्या चाळायच्या. काम कंटाळवाणं आहे, पण आकृती ओळखायला स्पेलिंग लागत नाही.

आता तारखा. माझ्या मते सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. एका पेटंटला किमान दोन तारखा असतात, अर्जाची आणि मंजुरीची. राइट बंधूंचं अमेरिकी पेटंट ८,२१,३९३ मंजूर झालं २२ मे १९०६ रोजी. अर्ज मात्र २३ मार्च १९०३ चा, म्हणजे इंजिनाच्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाआधी जवळजवळ नऊ महिने. 'आधी उडाले, मग तीन वर्षांनी पेटंटचं सुचलं' अशी गोष्ट अनेक लेखांत वाचायला मिळते, ती फक्त मंजुरीची तारीख वाचल्यामुळे. याच्याही पुढचं टोक म्हणजे जॉर्ज सेल्डन यांचं मोटारगाडीचं पेटंट. अर्ज १८७९ चा, मंजुरी १८९५ ची. तेव्हा अमेरिकेत पेटंटची सतरा वर्षं मंजुरीपासून मोजत, म्हणून सेल्डन दुरुस्त्या करत करत अर्ज रेंगाळत ठेवत राहिले, मोटारींचा धंदा उभा राहीपर्यंत. नुसतं '१८९५' लिहिलंत तर हा सगळा डाव वाचकापासून लपतो.

एक छोटी युक्ती सांगतो, मला ती फार उपयोगी पडते. अमेरिकी पेटंटं मंगळवारी मंजूर होतात आणि हा शिरस्ता एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. कुठे मंजुरीची तारीख सापडली की जुन्या कॅलेंडरात वार बघायचा. राइट बंधूंचा २२ मे १९०६, मंगळवार. जिलेटच्या रेझरचा १५ नोव्हेंबर १९०४, मंगळवार. दहा लाखावं पेटंट ८ ऑगस्ट १९११, तोही मंगळवार. तुमच्या तारखेचा वार गुरुवार निघाला तर ती बहुधा अर्जाची तारीख आहे, नाहीतर कुणीतरी आकडा चुकवलाय. क्रमांकाचीही अशीच चाचपणी करता येते. १९०० साल सुरू झालं ६,४०,१६७ या क्रमांकाने, १९३० सुरू झालं १७,४२,१८१ ने. १९०८ च्या म्हणून सांगितलेल्या पेटंटचा क्रमांक पंधरा लाखांत असेल तर काहीतरी बिनसलंय.

पण क्रमांकावरून साल काढण्याची ही युक्ती डोळे झाकून वापरली तर तोंडावर पडायला होतं. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांचं ब्रिटिश पेटंट ६,३०,७२६ घ्या. हा क्रमांक १९४९ चा. आत मात्र न्यूट्रॉनच्या साखळी प्रक्रियेची कल्पना आहे आणि अर्ज आहे १९३४ चा, युरेनियमचं विखंडन सापडायच्याही चार वर्षं आधीचा. झिलार्ड यांनी हे पेटंट ब्रिटिश नौदलखात्याकडे सोपवलं, गुप्त राहावं म्हणून. १९३६ मध्ये ते स्वीकारलं गेलं, प्रसिद्धी मात्र थांबवली, आणि ते उजेडात आलं दोन अणुबॉम्ब पडून गेल्यावर. फर्मी आणि झिलार्ड यांच्या अणुभट्टीच्या अमेरिकी पेटंटचीही तीच तऱ्हा, अर्ज डिसेंबर १९४४ चा आणि मंजुरी मे १९५५ ची. गुप्ततेच्या काळातला कागद हाती आला की पहिल्या पानावरच्या सगळ्या तारखा, सगळ्याच्या सगळ्या, उतरवून घ्या.

झिलार्ड यांचं नाव निघालंच आहे तर फ्रिजची गफलतही सांगून टाकतो. आइनस्टाइन आणि झिलार्ड यांनी मिळून फ्रिजची पेटंटं घेतली, हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. त्यांच्या द्रवरूप धातू ढकलणाऱ्या विद्युतचुंबकीय पंपाची कल्पना पुढे धातूने थंड होणाऱ्या अणुभट्ट्यांत कामी आली, हेही खरं. लोक मग इंटरनेटवर सहज सापडणारं १९३० चं अमेरिकी पेटंट १७,८१,५४१ जोडतात आणि 'हाच तो पंप' म्हणून मोकळे होतात. ते उघडून बघा. त्यात अमोनिया, ब्युटेन आणि पाणी यांच्यावर चालणारा, एकही हलता भाग नसलेला फ्रिज आहे. पंपाचं पेटंट वेगळं आहे. संशोधक तेच, वस्तूही फ्रिजच, म्हणून कागदही तोच असणार असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच चुकतो.

शीर्षकावर जाऊ नका, हे त्याच्याच पोटातलं. राइट बंधूंच्या पेटंटचं शीर्षक 'उडणारं यंत्र' असं आहे, पण त्यात इंजिन नाही. आहे ती हवेत तोल सांभाळण्याची रीत, पंख पिळण्याची आणि त्याला सुकाणूची जोड देण्याची. पेटंटमध्ये कायद्याने बांधलेला भाग असतो शेवटचे क्रमवार दावे. वर कितीही वर्णन असो, हक्क तेवढ्यावरच. सेल्डन यांचं पेटंट न्यायालयाने १९११ मध्ये वैध ठरवलं, तरीही त्या खटल्यातून मोटारी बनवणारे फोर्ड सुटले, कारण दाव्यांतलं इंजिन ब्रेटन पद्धतीचं होतं आणि फोर्डच्या गाड्यांत होतं ऑटो पद्धतीचं. शीर्षक वाचून लिहिणाऱ्याला हा निकाल कोड्यासारखा वाटतो. आणि हो, पेटंट मिळालं म्हणजे यंत्र चाललं असा अर्थ होत नाही. हे दरवेळी सांगावं लागतं.

अणुसंशोधनाच्या अहवालांचं तंत्र निराळं. इथे एकाच अहवालाला दोन-तीन क्रमांक असणं ही रीतच आहे. प्रयोगशाळेचा एक असतो, अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातल्या लॉस अलामोससाठी 'एलए', हॅनफर्डसाठी 'एचडब्ल्यू'. गोपनीयता उठली की दुसरा लागतो, सुरुवातीला 'एमडीडीसी' आणि पुढे अमेरिकी अणुऊर्जा आयोगाच्या काळात 'एईसीडी'. त्यामुळे संदर्भसूचीत दोन वेगळे दिसणारे अहवाल प्रत्यक्षात एकच निघतात. उलटही होतं, एका क्रमांकाने सापडत नाही म्हणून सोडून दिलेला अहवाल दुसऱ्या क्रमांकाखाली निवांत बसलेला असतो. या मुखपृष्ठांवर लिहिल्याची तारीख वेगळी आणि गोपनीयता उठवल्याची वेगळी असते. लॉस अलामोसचा पहिला अहवाल, 'एलए-१', म्हणजे रॉबर्ट सर्बर यांनी एप्रिल १९४३ मध्ये दिलेल्या व्याख्यानांची टिपणं. ती खुली झाली १९६५ मध्ये. ही तारीख लिखाणाची म्हणून उद्धृत केली की बावीस वर्षं गायब.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ट्रॉम्बेचं. १९६७ मध्ये भाभांचं नाव मिळण्यापूर्वी ती संस्था 'ॲटॉमिक एनर्जी एस्टॅब्लिशमेंट, ट्रॉम्बे' होती, त्यामुळे त्याआधीचे अहवाल 'एईईटी' या आद्याक्षरांखाली लागतात. 'बार्क' टाकून १९६२ चा अहवाल शोधत बसू नका. ट्रॉम्बेचीच सायरस अणुभट्टीही सुरुवातीच्या कागदांत 'कॅनडा-इंडिया रिॲक्टर' आहे. आणि तिचे ४० मेगावॅट उष्णतेचे आहेत, विजेचे नव्हेत. ती संशोधनाची भट्टी, वीज तयार करतच नव्हती. जुन्या अहवालात नुसतं 'मेगावॅट' दिसलं की आधी विचारायचं, उष्णता की वीज?

शब्द शोधून काहीच मिळत नसेल तर शब्दच बदललेला असेल. युद्धकाळच्या कागदांत प्लुटोनियम हा शब्द सहसा सापडत नाही. तिथे '४९' असतं: अणुक्रमांक ९४ मधला शेवटचा आकडा चार आणि वस्तुमानांक २३९ मधला नऊ. त्याच हिशेबाने युरेनियम-२३५ म्हणजे '२५'. युरेनियमला 'ट्यूबअलॉय' म्हणत. शिकागोत तर प्लुटोनियमला 'कॉपर' म्हणायचे. पुढे एका प्रयोगात खरंखुरं तांबं लागलं तेव्हा पंचाईत झाली. मग खऱ्या तांब्याला 'देवाशपथ तांबं' म्हणायला लागले. हे ठाऊक नसलेला वाचक त्या अहवालातून धातुशास्त्राचा भलताच निष्कर्ष काढेल. अणुभट्टीलाही तेव्हा 'पाइल' म्हणत. ॲटम दिसला म्हणून हुरळायचंही कारण नाही: भिसे यांच्या औषधाचं नाव 'ॲटोमिडाइन' होतं, आणि ते आयोडीनचं.

घातांक तर जीवघेणे. न्यूट्रॉनच्या छेदाचं (न्यूट्रॉनची अणुकेंद्राशी गाठ पडण्याच्या शक्यतेचं) माप 'बार्न', म्हणजे दहाचा उणे चोविसावा घात चौरस सेंटिमीटर. यंत्राने वाचलेल्या मजकुरात वरचा छोटा 'उणे २४' खाली उतरतो आणि '१०-२४' किंवा चक्क '१०२४' होतो. मजकुरातून आकडे कॉपी करून तक्ता बनवणाऱ्याने प्रत्येक आकडा मूळ चित्राशी ताडून पाहिलाच पाहिजे. इथे आळस परवडत नाही. आणि ताडून बरोबर निघाला तरी तो १९४० च्या दशकातल्या मोजमापाचा आहे. इतिहासासाठी ठीक, आजच्या गणितासाठी नाही.

फक्त सारांश वाचणं हीही चूकच. अमेरिकेतला 'वॉश-१४००' हा अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेवरचा अहवाल ऑगस्ट १९७४ मध्ये मसुदा म्हणून आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये अंतिम रूपात आला. दोन्ही प्रती आज फिरतात आणि लोक मसुद्यातले आकडे अंतिम म्हणून देतात. त्याच्या सारांशावर इतकी टीका झाली की जानेवारी १९७९ मध्ये तिथल्या नियामक आयोगाने त्या सारांशाला दिलेला पाठिंबा काढून घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्याच थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला.

आवृत्त्यांचं महत्त्व पटवायला मी नेहमी स्माइथ अहवालाची गोष्ट सांगतो. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची ही अधिकृत हकीकत ऑगस्ट १९४५ मध्ये, नागासाकीनंतर तीनच दिवसांनी, खुली झाली. पहिल्या प्रतीत एक वाक्य होतं: विखंडनातून तयार होणारं एक द्रव्य भट्टीत न्यूट्रॉन गिळून 'विषबाधा' करतं, म्हणजे प्रक्रियेत अडथळा आणतं. प्रिन्स्टनच्या छापील पुस्तकातून ते गुपचूप काढलं. रशियन भाषांतर पुस्तकावरून केलं होतं, तरी त्यात ते वाक्य होतं. म्हणजे मॉस्कोत कुणीतरी दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली होती, आणि नेमकं काय लपवलंय ते त्यांना आयतं कळलं.

पान गहाळ असेल, घडीचा नकाशा दुमडलेलाच स्कॅन झाला असेल, तर त्या फाइलशी झगडत बसू नका, दुसरी प्रत शोधा. हे अहवाल मायक्रोकार्डवर आणि पुढे मायक्रोफिशवर (पानांची अतिलहान छायाचित्रं असलेल्या कार्डांवर आणि फिल्मवर) अनेक ग्रंथालयांना गेले होते आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे स्कॅन झालेत. लॉस अलामोसने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला आपले बरेच अहवाल संकेतस्थळावरून काढले, तरी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती अमेरिकन शास्त्रज्ञ महासंघाच्या पानांवर टिकून राहिल्या. डाउनलोड केलेल्या फाइलच्या नावातच संस्था, क्रमांक, कोणती तारीख आणि कुठली प्रत हे लिहून ठेवा. 'स्कॅन-अंतिम-२' नावाच्या फाइली माझ्याकडे अजून अकरा आहेत, आणि त्यातली भिसे यांची कोणती, ते उघडल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.