रेवस ते रेडी सागरी मार्गाने जायचंय? किलोमीटर नको, खाड्या मोजा

दर दिवाळीच्या आधी कोणी ना कोणी विचारतंच, सागरी महामार्गाने कोकण करायचंय, दोन दिवसात होईल ना? नाही होणार. अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंत पाचशे किमीच्या आसपास रस्ता आहे म्हणून पुणे-नागपूरचं गणित इथे लावू नका. मी रत्नागिरीचा, हा रस्ता तुकड्यातुकड्याने कितीदा केलाय आणि सलग दोनदा, एकदा बाईकवर आणि एकदा घरच्यांना घेऊन गाडीने, त्यावरून सांगतो.

आधी नावाचं. सगळीकडे 'रेवस-रेड्डी' छापलेलं असतं पण गाव आहे रेडी, वेंगुर्ला तालुक्यातलं. कोणी रेड्डी म्हणालं की आम्हाला कळतं हा पाहुणा. सरकारी कागदावर हा प्रमुख राज्य महामार्ग ४. कल्पना बॅरिस्टर अंतुलेंची, ते १९८० ते ८२ मुख्यमंत्री होते आणि स्वतः म्हसळ्याकडच्या आंबेतचे, म्हणजे खाडीकाठचाच माणूस. कुलाब्याचा रायगड झाला आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला तेही त्यांच्याच काळात, १९८१ साली. त्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाचा हायवे म्हणजे समुद्रच, भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची ती हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली जायची. आणि त्याची किंमत पण मोजलीय लोकांनी, १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली तेव्हा सहाशेच्या वर माणसं गेली.

आता मुद्दा. कागदावर हा एक रस्ता असला तरी जमिनीवर तो गावागावांचे जुने रस्ते जोडून केलेला आहे, म्हणून कुठे मस्त दोन लेन आणि कुठे नारळाच्या वाडीच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, आरसा घासेल इतका अरुंद. जोडायला लागतात ते पूल, आणि मोठ्या खाड्यांवरचे पूलच वर्षानुवर्षं राहून गेले. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी इथे खाडी होऊन समुद्राला मिळते आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे उंचावरचं सपाट कातळ. त्यामुळे चढलात की कातळ, उतरलात की खाडी, परत चढ, परत उतार, हेच रेडीपर्यंत. तासाला पंचवीस-तीस किमी धरा, त्याच्यापेक्षा जास्त धरलंत तर जेवण चुकणार. चार मुक्काम तरी ठेवाच.

मुंबईकरांनी पनवेल-पेण करत बसू नका, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी नेणारी रो-रो २०२० पासून आहे, मांडव्यावरून रेवस जवळच. मग अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरूड. इथपर्यंत सगळ्यांनाच माहिती असतं. खरी गंमत आगरदांड्याला सुरू होते कारण इथे पहिली फेरीबोट. पलीकडे दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, खाली बागमांडला. तिथे दुसरी बोट, सावित्री ओलांडून वेसवी, म्हणजे रायगड संपला, रत्नागिरी जिल्हा चालू. तिसरी दाभोळ-धोपावे, चौथी तवसाळ-जयगड. ह्या चार बोटी म्हणजे तुमचं टाइमटेबल, बाकी सगळं त्यांच्याभोवती बसवायचं. मोठ्या खाड्यांवर नवीन पुलांची कामं पण निघालीयत, म्हणून कुठला पूल चालू कुठला नाही ते जायच्या आधी तिथल्याच कोणाला तरी फोन करून विचारा.

बोटीवर गाडी चढवायचं टेन्शन बऱ्याच जणांना येतं. गाडी लाइनला लावा, एकाने उतरून तिकीट काढा. बोट आली की तिचं लोखंडी फळकुट धाडकन सिमेंटच्या उतारावर आपटतं, आधी आतल्या गाड्या बाहेर येतात, मग आपला नंबर. बऱ्याचदा गाडी रिव्हर्सच घ्यायला लावतात, म्हणजे पलीकडे सरळ बाहेर पडता येतं. ओहोटीला उतार ओला आणि शेवाळलेला असतो, तिथे रेस मारायची नाही, बोटीवरचा पोऱ्या हात करेल तसं स्टिअरिंग फिरवायचं, आपली अक्कल नको. "येऊदे येऊदे येऊदे, बस्स" म्हटलं की हँडब्रेक. माझ्या बायकोने पहिल्यांदा दाभोळला गाडी चढवली तेव्हा मागे इंचभर जागा राहिली होती आणि तो पोऱ्या शेंगदाणे खात उभा, त्याला काहीच नाही. बाईकवाले मात्र शेवटी कुठेही घुसतात.

शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. दाभोळला ती चुकली तर पंधरा-वीस मिनिटांच्या खाडीसाठी दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर गाठायचं, शंभर किमीच्या वर. जयगडला सुदैवाने पर्याय आहे, बोट बंद असली तर राई-भातगाव पुलावरून वळसा मारता येतो. पावसाळ्यात वारा उठला की बोटी बंद ठेवतात, तेव्हा भांडून उपयोग नाही.

आणि मॅपवर डोळे झाकून जाऊ नका. बाईकच्या ट्रिपला वेळासवरून केळशीला निघालो, मोबाईल म्हणाला सरळ, मी सरळ, आणि रस्ता संपला तो खाडीत. समोर केळशी दिसतेय, माणसं दिसतायत, पण मधे पाणी. बाजूला एक आजी सुकट पसरत होत्या, त्यांना विचारलं पूल कुठाय, तर वर न बघता म्हणाल्या, "पूल तुझ्या मोबाईलात आसंल रे बाबा, इथं नाय." मग मागे फिरून मांदिवलीच्या पुलावरून गेलो, तास गेला. तेव्हापासून एसटीच्या ड्रायव्हरला विचारतो. मैलाचे दगड पण बघत चला, हिरव्या डोक्याचे म्हणजे राज्य महामार्ग, पिवळे दिसायला लागले की समजा राष्ट्रीय महामार्गाकडे भरकटलात.

केळशीनंतर आंजर्ले, हर्णैचा मासळीचा लिलाव, दाभोळ, गुहागर, हेदवी. जयगडनंतर मात्र बोटीची कटकट नाही. मालगुंड, गणपतीपुळे, मग आरे-वारे. आमचंच म्हणून सांगत नाही, पण संध्याकाळी पाचला त्या चढावर गाडी बाजूला घेऊन उभे राहा एकदा. फक्त वळणावर उभं राहून सेल्फी नको, तिथे एसटी दणकून येते. रत्नागिरीतून भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूरचा पूल, आणि वाघोटनची खाडी ओलांडली की सिंधुदुर्ग.

देवगडला तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर एकदम जवळ पडतं, लांबून जाऊ नका. पुढे मिठबाव, आचरा, मालवण. मालवणनंतर बहुतेकजण फसतात. देवबागच्या टोकाला गेलात की समोर भोगवे हाकेवर दिसतं, पण कर्ली नदीच्या मुखावरून गाडी जात नाही. मागे येऊन चौके, नेरूरपारचा पूल आणि मग परुळे असं जायचं. तिथून वेंगुर्ला, मोचेमाड, शिरोडा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडा.

पेट्रोल तालुक्याच्या गावाला फुल करत चला आणि खिशात कॅश ठेवा. जेवणाचं सकाळी फोन करून सांगा, घरगुती खानावळीत दुपारी दोनला जाऊन सुरमई थाळी मागितलीत तर काकू पोह्यांवर काढतील. शिमग्यात आणि गणपतीत मुक्काम आधी बुक, नाहीतर गाडीत झोपा.

रेडीला लाल धूळ दिसली की समजायचं आलो, लोहखनिजाच्या खाणी. तिथला दोन हातांचा गणपती १९७६ ला खाणीतच सापडलेला. महामार्ग इथे संपतो, पण पुढे तेरेखोलचा किल्ला आहे, नदीच्या अलीकडे असून गोव्याचा, आणि त्याच्या खाली केरीला जायला परत फेरीबोट. तिची पण शेवटची वेळ विचारून घ्या.