ट्रंकेतला कुबट वास अखेर गेला

आमच्या चिपळुणात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा हाताला ओल्या लागतात. गेल्या दसऱ्याला आईची पैठणी काढायला ट्रंक उघडली आणि कुबट वासाचा भपकाराच आला. स्वेटर, शाली, आजीच्या लुगड्यांची गोधडी, सगळ्यांना तोच वास. पैठणीच्या घडीवर तर बुरशीचे पांढुरके ठिपके. पोटात कालवलं.

मे अखेरीस वळीव पडून गेल्यावर मी घाईने कपडे भरले होते, तेही प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. दमट हवा आतच कोंडली, बुरशीला आणखी काय हवं?

गोधडी धुऊन ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन दिवस उलटसुलट वाळवली. स्वेटर धुऊन सावलीत आडवे पसरले, टांगले की ओघळतात. पैठणीला मात्र पाणी लावलं नाही. अंगणात मऊ ब्रशने ठिपके हलकेच झटकले, दिवसभर सावलीत वाऱ्यावर ठेवली, मग ड्रायक्लीनला दिली. रिकामी ट्रंक पुसून उन्हात तापवली.

यंदा हवा कोरडी असतानाच, मेच्या दुसऱ्या आठवड्यात कपडे भरले. ऊन दिलेले कपडे पूर्ण गार झाल्यावरच ठेवले. पैठणी धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळली, घडी नव्या जागी मोडली. कोपऱ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या आणि सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या मी जरीजवळ ठेवतच नाही. ट्रंक विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब.

श्रावणात उघडीप बघून झाकण उघडलं. फक्त वेखंडाचा वास आला.