सीमेन रिपोर्ट बिघडला? या चुका टाळा

द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही: ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर किती घड दिसतील, ते एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, सूक्ष्मघडनिर्मितीच्या वेळीच ठरून गेलेलं असतं. वीर्यतपासणीचंही तसंच आहे. आज डबीत आलेला शुक्राणू सुमारे तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेला असतो. डबीत पडला की दुसरं घड्याळ सुरू होतं, ते तासाभराचं. रिपोर्टवरचे बरेच गोंधळ यांपैकी एखादं घड्याळ विसरल्याने होतात.

तासाभराच्या चुका

सगळ्यांत महागात पडते ती पहिले थेंब सांडण्याची चूक. वीर्य टप्प्याटप्प्याने येतं. आधी प्रोस्टेट ग्रंथीचा पातळसर स्राव आणि त्याच्यासोबत बहुतेक शुक्राणू, मग शुक्राशयाचा दाट द्रव. एकूण वीर्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग या दुसऱ्या द्रवाचा असतो. त्यामुळे शेवटचं थोडं सांडलं तर काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, फारसा हलत नाही, पण सुरुवातीचं गेलं तर चांगला काउंटही कमी दिसतो. सांडलं असेल तर न लाजता काउंटरवर सांगा. रिपोर्टवर तशी नोंद नसेल तर डॉक्टर भलत्याच दिशेने विचार करतील.

साबण, तेल, थुंकी, नेहमीचा कंडोम यांपैकी काहीही वापरू नका. यांनी शुक्राणू मरतात किंवा मंदावतात आणि मोटिलिटी, म्हणजे शुक्राणूंची हालचाल, खोटी कमी दिसते. लघवी करून, हात आणि लिंग धुवून, कोरडं करून नमुना थेट लॅबच्या डबीत घ्या.

घरून नमुना नेणार असाल तर तो शक्यतो अर्ध्या तासात आणि काहीही झालं तरी तासाच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे, वाटेत 20 ते 37 अंश सेल्सिअसमध्ये राहिला पाहिजे. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे डबी दुचाकीच्या डिकीत टाकली तर शुक्राणू गारठतात. मे महिन्यात उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर ठेवली तर भाजतात. शर्टाच्या आतला खिसा ही उत्तम जागा. सिन्नर, दिंडोरीहून येणाऱ्यांनी नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकवर भरवसा ठेवण्यापेक्षा लॅबमधल्या खोलीतच नमुना द्यावा.

डबीतलं वीर्य गोठल्यासारखं दिसलं म्हणून इन्फेक्शनची धास्ती घेऊ नका. ते आधी गोठतं आणि बहुधा 15 ते 30 मिनिटांत प्रोस्टेटमधल्या एन्झाइममुळे पातळ होतं. तासानंतरही तसंच राहिलं, तरच ती नोंद घेण्याची गोष्ट.

आणि परहेज, म्हणजे नमुन्याआधी वीर्य बाहेर येऊ न देणं. 2 ते 7 दिवस, बस्स. 'साठवून' 15 दिवसांनी दिलेल्या नमुन्यात आकडा फुगतो, पण जुने, थकलेले शुक्राणू वाढतात आणि मोटिलिटी घसरते. दुसरी तपासणी करताना पहिल्याइतकेच दिवस ठेवा, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलनाच होत नाही.

तीन महिन्यांच्या चुका

वृषणात बारीक नळ्यांची गुंतवळ असते. नळीच्या भिंतीलगतच्या मूळपेशी विभागत जातात, गुणसूत्रं 46 वरून 23 वर येतात, मग गोल पेशीला शेपूट फुटते. हे सगळं नळीतल्या सर्टोली नावाच्या पोषक पेशींच्या आधाराने चालतं आणि त्याला साधारण 64 ते 74 दिवस लागतात. पुढे शुक्राणू एपिडिडिमिसमध्ये उतरतो. ही वेटोळी नळी उलगडली तर सुमारे 6 मीटर भरते. पोहण्याची ताकद त्याला तिथेच येते. त्यात काही दिवस ते दोन आठवडे जातात.

हा हिशेब न लावल्याने काय होतं बघा. सप्टेंबरात डेंग्यूचा सणसणीत ताप येऊन गेला, नोव्हेंबरात तपासणी झाली, काउंट कमी आला आणि घरात सुतक पडलं. वृषणाला शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर ते पोटाबाहेर लटकतात. तापाचा फटका त्यामुळे काही आठवड्यांनी दिसतो. अशा वेळी ताप उतरल्यापासून तीन महिने मोजून पुन्हा तपासा. सातपूर-अंबडमध्ये भट्टीजवळ उभं राहणाऱ्यांनी आणि बागेत फवारणी करणाऱ्यांनी आपलं काम डॉक्टरांना आपणहून सांगावं. औषध चालू केल्यावर 15 दिवसांत रिपोर्ट काढणं म्हणजे छाटणीच्या दुसऱ्या दिवशी घड शोधणं.

जिममधलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन ही तर उलटी कुऱ्हाड. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणाला कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन सोडणं कमी करते, वृषणातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन कोसळतं आणि काउंट शून्यावरही जाऊ शकतो. बंद केल्यावर सावरायला कित्येक महिने लागतात. 'ताकदीसाठी' म्हणून हे घेणाऱ्याला मूल हवं असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवणं फार महागात पडतं.

रिपोर्ट वाचताना

'नॉर्मल फॉर्म' (नीट आकाराचे शुक्राणू) '4 टक्के' पाहून 96 टक्के बिघडले असं समजू नका. 4 टक्के हीच जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची खालची मर्यादा आहे. बाकीच्या मर्यादा: वीर्याचं प्रमाण 1.4 मिली, काउंट मिलीमागे 1.6 कोटी, एकूण 3.9 कोटी, एकूण हालचाल 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के. नुसता मिलीमागचा आकडा फसवतो. 4 मिलीत मिलीमागे 1.2 कोटी असतील तर एकूण 4.8 कोटी होतात, म्हणजे पुरेसे. शिवाय या मर्यादा ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून काढल्या आहेत. त्यांच्यातही सर्वांत कमी आकड्यांचे 5 टक्के या रेषेखालीच होते. एका रिपोर्टवर कुणी 'तुम्हाला मूल होणार नाही' म्हणालं तर दुसरा रिपोर्ट काढा.

दाट वीर्य चांगलं, पातळ वाईट, ही समजूत सोडा. दाटपणा ग्रंथींच्या द्रवाचा असतो. शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. नसबंदीनंतरही वीर्य तसंच दिसतं ते यामुळेच. आणि तिथली नेहमीची चूक म्हणजे लगेच बिनधास्त होणं. कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. तीन महिने दुसरं साधन वापरा आणि तपासणीत शून्य आल्यावरच सोडा.

शुक्राणू अजिबात नसतील तर मात्र वाट बघू नका. वीर्याचं प्रमाण कमी, पीएच आम्लधर्मी आणि फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) नसेल तर शुक्रवाहिनीच नसणं किंवा पुढे अडथळा असणं संभवतं. शुक्रवाहिनी आहे का, हे डॉक्टरांना बोटांनी चाचपूनही कळतं. एफएसएच वाढलेलं आणि वृषण लहान असतील तर निर्मितीतच खोट असण्याची शक्यता जास्त. वृषणात कडक गाठ लागली, किंवा बायकोचं वय 35 च्या पुढे असेल, तरीही तीन महिने मोजत बसू नका, सरळ युरोलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे (पुरुषांच्या प्रजननाचे तज्ज्ञ) जा. जुने सगळे रिपोर्ट, अगदी पहिला 'खराब' आलेलासुद्धा, बरोबर न्या.