गूगलवर जाहिरात की फेसबुक-इन्स्टाग्रामवर? कोकणातल्या धंद्यासाठी निवड कशी करावी

हापूसच्या पेट्या विकणारा बागायतदार असो, तारकर्लीचा होमस्टेवाला असो की चिपळुणातला मोटार रिवाइंडिंगवाला, सगळ्यांना सल्ला एकच मिळतो: "थोडे पैसे गूगलला लावा, थोडे इन्स्टाला, काय चालतं ते बघू." महिन्याला पाच-सात हजार खर्च करू शकणाऱ्याला देण्याजोगा हा सल्ला नव्हे. पैसे दोन्हीकडे तोकडे पडतात आणि काय चालतं ते शेवटपर्यंत कळत नाही. पहिले ४ आठवडे एकच माध्यम धरा.

गूगलवरचं फुकटचं बिझनेस प्रोफाइल, व्हॉट्सॲप बिझनेस, दरपत्रक आणि बरे फोटो तुमच्याकडे आहेत असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी हिशेब

एका चौकशीला किती खर्च परवडतो ते काढा. समजा पेटीमागे ६०० रुपये सुटतात आणि ८ चौकशांमागे १ पेटी जाते. म्हणजे चौकशीला कमाल ७५ रुपये. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही, म्हणून खरी मर्यादा ६३. सगळी कमाई जाहिरातीत ओतायची नसेल तर तीस-बत्तीस रुपयांवर थांबा. हा आकडा कागदावर नसेल तर पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

लोक शोधतायत का?

गिऱ्हाईक शोधताना जे शब्द टाइप करतं ते कीवर्ड. गूगल ॲड्समधल्या कीवर्ड प्लॅनरमध्ये तुमच्या मालाचे शब्द टाका, महिन्याला किती जण ते शोधतात ते दिसतं. खर्च न करणाऱ्या खात्याला १०० ते १००० असा ढोबळ पल्लाच दिसतो, पण तेवढा पुरतो. 'देवगड हापूस ऑनलाइन', 'तारकर्ली होमस्टे', 'मालवण स्कूबा' हे लोक स्वतःहून शोधतात, तिथे गूगल. फणसाचे तळलेले गरे, सावंतवाडीची लाकडी खेळणी, राजापूरकडची कातळशिल्पं दाखवणारी सहल हे डोळ्यांपुढे आल्याशिवाय बहुतेकांना सुचत नाही, तिथे फेसबुक-इन्स्टाग्राम. शब्दापुढे 'लो सर्च व्हॉल्यूम' (शोध फारच कमी) असा शेरा आला, तर त्या शब्दावर जाहिरात दिसत नाही. वाट बघत बसू नका.

गिऱ्हाईक बसलंय कुठे?

कोकणातल्या जाहिराती बहुतेक इथेच फसतात. माल इथे आणि गिऱ्हाईक मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापुरात, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी जाहिरातीत ठिकाण निवडायची वेळ आली की हात आपोआप 'मालवण' टाइप करतो.

फेसबुकवर मालवण निवडलं की जाहिरात मालवणात राहणाऱ्यांना आणि नुकतेच तिथे असलेल्यांना दिसते. म्हणजे शेजारच्या होमस्टेवाल्याला आणि बॅग भरून परत निघालेल्या पर्यटकाला. लाइक भरपूर येतात, कारण गावातले सगळे ओळखीचे. खोली मात्र कोणी घेत नाही. तिथे मुंबई, ठाणे, पुणे हीच शहरं टाका आणि 'मालवण' हा शब्द फोटोवर मोठा लिहा.

गूगलवर घोळ वेगळा. ठिकाणाच्या पर्यायांत 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट' हे आधीच निवडलेलं असतं. त्यामुळे त्या ठिकाणी असलेल्यांबरोबर त्या ठिकाणात रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते, मग ते कुठेही बसलेले असोत. होमस्टेसाठी सरळ मार्ग असा: ठिकाण म्हणून मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर, पर्याय 'प्रेझेन्स' (फक्त त्या ठिकाणी असणारे), आणि गावाचं नाव कीवर्डमध्ये. रिवाइंडिंगच्या दुकानाने उलट करायचं: ठिकाण चिपळूण आणि आसपासची गावं, पर्याय 'प्रेझेन्स'च. अपवाद गणपतीआधीचा महिना. गावच्या घरातला पंप आपण पोचायच्या आत सुरू झालेला हवा म्हणून चाकरमानी तेव्हा मुंबईतूनच फोन फिरवतो. तेवढ्यापुरता 'इंटरेस्ट' उघडा ठेवला तर पैसे वाया जात नाहीत.

ठिकाण बरोबर बसलं तरी शब्द दगा देतात. कीवर्ड नुसता टाकला की तो 'ब्रॉड मॅच' होतो आणि गूगल त्याचा अर्थ स्वतःच्या मर्जीने ताणतं. 'मालवणी' म्हणून शोधणाऱ्याला दादरला माशांची थाळी हवी असते, मसाल्याची कृती हवी असते, नाहीतर मालाडची मालवणी वस्ती. 'देवगड' शोधणारा नेवाशाजवळच्या दत्तस्थानाला निघालेला असू शकतो, 'दापोली' शोधणारा कृषी विद्यापीठाच्या प्रवेशामागे असतो. 'हापूस' शोधणाऱ्यांत वाशी मार्केटचा भाव बघणारे असतात आणि कलमं विकत घेणारेही. या प्रत्येक क्लिकचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

म्हणून कीवर्ड अवतरणचिन्हांत टाका म्हणजे 'फ्रेज मॅच' होतो (शोधात त्या शब्दांचा अर्थ यावा लागतो), किंवा चौकोनी कंसात टाका म्हणजे 'एक्झॅक्ट' (शोधाचा अर्थ नेमका तोच लागतो). सोबत नको असलेल्या शब्दांची यादी, म्हणजे निगेटिव्ह कीवर्ड, पहिल्या दिवशीच भरा: भाव, दर, रेट, मार्केट, रेसिपी, कलम, रोप, फोटो, भरती, वेळापत्रक, प्रवेश. या यादीला समानार्थी शब्द कळत नाहीत. 'भाव' अडवला म्हणून 'दर' अडत नाही, दोन्ही लिहावे लागतात. शिवाय आपली माणसं मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, तेव्हा कीवर्ड असोत की अडवायचे शब्द, दोन्ही लिप्यांत टाका. पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी 'सर्च टर्म्स'चा अहवाल (लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं त्याची यादी) उघडून नवे फालतू शब्द यादीत ढकला. हे काम कंटाळवाणं आहे. ते करायचं नसेल तर गूगलच्या वाटेला जाऊ नका.

गूगल निवडलंत तर

नवीन खात्याला 'परफॉर्मन्स मॅक्स'कडे (गूगलच्या सगळ्या जागांवर आपोआप जाहिरात लावणारा प्रकार) ढकललं जातं. तुम्ही 'सर्च' (शोधाच्या निकालांतली जाहिरात) निवडा. सर्च पार्टनर आणि डिस्प्ले नेटवर्क (गूगलबाहेरच्या साइट आणि ॲप) यांच्या खुणा काढून टाका. रोजचं बजेट २०० ठेवलं तरी एखाद्या दिवशी ४०० जाऊ शकतात. महिन्याचं बिल रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपलीकडे जात नाही, घाबरू नका. फोन उचलायला माणूस आणि मोबाइलला रेंज असेल तेवढ्याच वेळा जाहिरात चालू ठेवा.

फेसबुक-इन्स्टाग्राम निवडलंत तर

पोस्टखालचं 'बूस्ट' बटण दाबू नका, ॲड्स मॅनेजरमध्ये (फेसबुकचं जाहिराती लावायचं पूर्ण साधन) जा. जाहिरात लाइकसाठी नको, व्हॉट्सॲपवर संभाषण सुरू होण्यासाठी लावा. यंत्रणेला स्थिरावायला आठवड्याला सुमारे ५० संभाषणं लागतात. एवढ्या बजेटात ती जेमतेम होतील, म्हणून एकच ॲड सेट (एक प्रेक्षकवर्ग, एक बजेट) ठेवा आणि त्यात दोन-तीन फोटो किंवा रील. दर दोन दिवसांनी बजेट, वय, शहरं बदलत राहिलात तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. किंमत फोटोवरच लिहा, नाहीतर दिवसभर "प्राइस?" ला उत्तर देत बसाल.

हंगाम

आंब्याचं गणित थोडं निराळं. फेब्रुवारीत बागेचा मोहोर आणि कैऱ्या इन्स्टाग्रामवर दाखवून आगाऊ नोंदणी घ्या. मार्च ते मे लोक स्वतः शोधतात, तेव्हा ते बंद करून सगळे पैसे गूगलवर. कॅनिंगचा माल (रस काढणाऱ्या कारखान्यांना जाणारा) निघायला लागला की पेटीची जाहिरात थांबवा. स्कूबावाल्यांनी पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद व्हायच्या आठवडाभर आधीच जाहिरात बंद करावी, कारण लोक पुढच्या आठवड्याचं बुकिंग आजच विचारतात.